शेवटचे शंभर मीटर

आबासाहेब शितोळ्यांनी मला ग्रँडस्टँड पहिल्यांदा दाखवला तो नाकाला रुमाल लावून. पुढे ते, मागे मी आणि माझ्या मागे काठी टेकत क्लबचे सेक्रेटरी मेजर खर्डेकर. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी येऊन आम्ही थांबलो होतो आणि आत पाऊल टाकायची तिघांचीही छाती होत नव्हती.

"हे समदं पाडायचं," आबासाहेब रुमालातून म्हणाले. "मुंबईचे पाहुणे आले की मला शरमेनं मान खाली घालावी लागते. आणि मान खाली घातली की आणखीनच वास येतो."

विशाळनगरचा रेसकोर्स संस्थानाच्या काळातला. त्यानंतर तिथल्या कशालाच कुणी हात लावला नव्हता. आबासाहेब क्लबचे चेअरमन. दोन सिनेमा थिएटरं, चार घोडे आणि गावभर दरारा. ह्या मोसमापूर्वी प्रेक्षकांच्या सगळ्या सोयी नव्या करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. स्वच्छतागृहं, कँटीन, बसायची जागा, जिने, पिण्याचं पाणी, सगळं. पुण्याच्या आमच्या कंपनीनं त्या कामावर मला पाठवलं. स्वतंत्रपणे हाती आलेलं ते माझं पहिलं काम. मी गेले तेव्हा आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि मोठे साहेब कधी येणार म्हणून विचारलं. मोठे साहेब मीच, असं मी सांगितल्यावर त्यांनी रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला.

स्टँडवर जुने सागवानी बाक होते, लांबच लांब. त्यांच्यावर बुटांचे ठसे, चिखल, टाचांनी पडलेले खड्डे. काय हे लोक, बसायच्या जागेवर पाय ठेवतात, असं मी आणि आबासाहेब एकदमच म्हणालो. आमचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत. बाक काढून तिथे निळ्या, घडीच्या, थिएटरात असतात तशा खुर्च्या बसवायच्या हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. डीलर त्यांच्या ओळखीचाच होता.

सगळ्यात वर, छपराला चिकटून, कॉमेंट्रीची खोली होती. एक टेबल, एक खुर्ची, एक माइक आणि समोर गोलाकार पसरलेलं अख्खं मैदान.

"ही खोलीबी नवी करा," आबासाहेब म्हणाले. "आणि औंदा हिच्यातला माणूसबी नवा येणार हाय. मुंबईचा. इंग्रजीत बोलतोय, मधे श्वाससुद्धा घेत न्हाई."

मेजरांची काठी थांबली. खाली उतरताना मात्र ती प्रत्येक पायरीवर जरा जोरातच आपटत होती.

खोलीतला जुना माणूस म्हणजे शामराव बोकील. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे गाव त्यांना सर म्हणायचं. तरुणपणापासून प्रत्येक मोसमात कॉमेंट्री त्यांचीच. निम्मी मराठी, थोडी हिंदी, घोड्यांची नावं तेवढी इंग्रजी. मग आबासाहेबांना त्यांचं वावडं का, हे मी मेजरांना विचारलं तेव्हा त्यांनी मिशी चोळत सांगितलं. गेल्या मोसमात मुंबईचे पाहुणे शेजारी बसलेले असताना आबासाहेबांचा घोडा धावत होता आणि शामराव माइकवरून म्हणाले होते, "आबासाहेबांचा घोडा सर्वांत मागे आहे, पण तब्येत उत्तम दिसते." अख्खा स्टँड हसला. पाहुणेसुद्धा हसले. तेव्हापासून आबासाहेबांना एकाएकी इंग्रजी कॉमेंट्रीची गरज भासू लागली.

मेजरांच्या पोटात काही राहत नसे. त्याच संध्याकाळी त्यांनी शामरावांच्या घरी जाऊन, चहाही न घेता, सगळं सांगून टाकलं. शामराव फक्त बरं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी थर्मास घेऊन स्टँडवर येऊन बसायला लागले.

उंच, किडकिडीत माणूस, धोतरावर कोट. आवाज इतका हळू की मला दर वाक्याला पुढे वाकावं लागायचं. हा माणूस हजारो लोकांसमोर ओरडतो हे मला खरंच वाटेना. मी तसं म्हटलं तर ते हसले. घरी बायकोचीही हीच तक्रार आहे म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे हे त्यांनी सांगितलेलं तिला दुसऱ्या दिवशी कळतं. आवाज फक्त वर, त्या खोलीत गेल्यावर येतो. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी थर्मासचं झाकण बराच वेळ फिरवलं आणि विचारलं, "मुंबईचा माणूस कधी यायचाय, बाई?"

मी म्हटलं, उद्घाटनाला. ते पुन्हा बरं म्हणाले. मला त्या माणसाची फार दया आली आणि आबासाहेबांचा भयंकर राग आला. पण माझं काम फरश्या बसवायचं होतं, माणसं बसवायचं नव्हतं. मी फरश्या बसवत राहिले.

काम झकास चाललं होतं. स्वच्छतागृहं अशी चकचकीत झाली की गवंडी चपला बाहेर काढून आत जायला लागले. कँटीनला मोठा ओटा झाला, खिडक्या झाल्या. पण मला एक गोष्ट सारखी टोचत होती. मोसम नसताना काम चाललेलं, त्यामुळे इथली गर्दी मी कधी डोळ्यांनी बघितलीच नव्हती. रेस संपली की सगळी माणसं एकदम खाली उतरतात, एकदम नळावर, एकदम चहाला, एकदम स्वच्छतागृहात, आणि पुढच्या रेसला सगळी एकदम वर. हे मी नुसतं ऐकून होते. जिन्यात चेंगराचेंगरी झाली तर? टाक्या कोरड्या पडल्या तर? लग्नात पंगत मांडायची आणि भात शिजलाय की नाही ते पाहुण्यांच्या पानात कळायचं, तसला प्रकार. म्हणून मी मेजरांना म्हटलं, उद्घाटनाआधी एका रविवारी माणसं जमवू आणि तालीम घेऊ.

मेजर खूश झाले. पण घोडे कुठून आणायचे? घोडे सगळे पुण्याच्या तबेल्यांत, मोसम सुरू झाल्यावर ट्रकनं यायचे. आणि रेस नसेल तर माणसं बिनकामाची एकदम का पळतील? आम्ही दोघं डोकं धरून बसलो होतो. शामराव शेजारी चहा ओतत होते.

"घोडे कशाला हवेत?" ते म्हणाले. मला न वाकता ऐकू आलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

रविवारी दुपारी स्टँड अर्धाअधिक भरला. आमचे गवंडी, प्लंबर, त्यांच्या बायका, इथल्या रिकाम्या तबेल्यातली माणसं, मुलींच्या वसतिगृहातल्या पोरी, मेजरांचं पत्त्यांचं टोळकं. फळ्यावर सहा घोड्यांची नावं खडूनं लिहिली होती, आणि ती शामरावांनीच ठेवली होती: ओला गिलावा, गळका नळ, मेजरची काठी, दुसरा हात, इंजिनीअरबाई. सहाव्या घोड्याचं नाव आबासाहेबांनी स्वतः सुचवलं होतं, शितोळे सरकार. ज्याला जो घोडा आवडेल त्याची चिठ्ठी घ्यायची, आणि जिंकणाऱ्या घोड्याच्या मंडळींना नव्या कँटीनमध्ये गरम जिलेबी पहिल्यांदा. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून त्यांचं तोंड बघायचं. आबासाहेब पुढच्या रांगेत निळ्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, हे सगळं पोरकट आहे अशा चेहऱ्यानं बसले होते. चिठ्ठी मात्र त्यांच्या मुठीत होती.

शामराव जिना चढून वर गेले. जाताना त्यांनी मला म्हटलं, "बाई, माझ्यासाठी एवढं केलंत, आभारी आहे." मी ते टाक्यांसाठी केलं होतं, हे सांगायची मला लाज वाटली.

आणि मग लाउडस्पीकरमधून एक आवाज आला. मी दचकून वर बघितलं. हा त्या भाजीत मीठ कमी म्हणणाऱ्या माणसाचा आवाज? खणखणीत, मोकळा, पार पलीकडच्या झाडांपर्यंत जाऊन परत येणारा.

"घोडे लायनीत आलेत. दुसरा हात जरा आडवा झालाय, त्याला सरळ करतायत. ओला गिलावा अंग थरथरवतोय, अजून वाळलेला नाही. आणि सुटले. सहाही एकदम सुटले."

लोक हसले. पहिल्या वळणापर्यंत हसतच होते. इंजिनीअरबाई सगळ्यांना धक्के देत पुढे निघालीय, तिला कुणाचं ऐकायची सवय नाही, म्हटल्यावर माझे गवंडी माझ्याकडे बघून खिदळले. मेजरची काठी ठरल्या वेळी ठरल्या जागी आहे. गळका नळ थेंबाथेंबानं पुढे सरकतोय. पण दुसऱ्या वळणापासून हसणं थांबलं. मी मैदानाकडे पाठ करून गर्दी बघत होते, माझं कामच ते. मला दिसलं की सगळी डोकी डावीकडून उजवीकडे, एकदम, सावकाश वळतायत. मैदान रिकामं होतं. एक बगळा तेवढा चालत होता. पण माणसं घोडे बघत होती. वसतिगृहातली एक पोरगी डोळ्यांवर हात धरून लांब काहीतरी शोधत होती.

शेवटचं वळण आलं आणि शामरावांचा आवाज चढला. शितोळे सरकार बाहेरच्या बाजूनं सुटलाय, गळक्या नळाला मागे टाकलं, मेजरच्या काठीला मागे टाकलं. आता त्याच्या पुढे एकटी इंजिनीअरबाई. आणि त्या क्षणी अख्खा स्टँड उठला. नुसता उठला नाही, चढला. बायका, माणसं, पोरी, सगळी एका दमात निळ्या खुर्च्यांवर उभी राहिली. रेस बघायची तिथली रीतच ती होती. बाक बसायला नव्हतेच कधी. त्यांच्यावर उभं राहायचं असायचं, म्हणून तर त्यांना खड्डे पडले होते. आणि आमच्या खुर्च्या घडीच्या. फटाफट मिटायला लागल्या. माणसं एकमेकांना धरून, लटपटत, ओरडत, तरीही उभीच. पहिल्या रांगेत आबासाहेब शितोळे एका खुर्चीत घोट्यापर्यंत अडकून, दोन्ही हात हवेत, "चल राजा, चल," म्हणून बोंबलत होते.

"शेवटचे शंभर मीटर," शामराव म्हणाले. "शितोळे सरकार आणि इंजिनीअरबाई, इंजिनीअरबाई आणि शितोळे सरकार. मानेला मान. सरकार पुढे, एका मानेनं सरकार पुढे, बाई सोडत नाहीये, बाई पुन्हा येतेय, आणि..."

आणि काहीच नाही. लाउडस्पीकर गप्प.

क्षणभर लोक तसेच हात वर करून उभे राहिले. मग जो गलका उठला, विचारू नका. कोण जिंकलं, कोण आलं, अरे कोण आलं. पंप, पंखे, दिवे सगळं एकदम चालू ठेवलं होतं तालमीसाठी. म्हणजे लाइन गेली, माझीच जोडणी गेली. मी जिन्यावरून धावत सुटले. दोन जिने चढल्यावर माझ्या लक्षात आलं की जिन्यातले दिवे चालू आहेत. वरचा पंखासुद्धा फिरत होता.

शामराव टेबलापाशी बसले होते. माइकचं बटण खाली पाडलेलं होतं आणि त्यांचा हात अजून त्याच्यावरच होता.

"सर, काय झालं?"

"मी बंद केलं, बाई." आवाज पुन्हा तोच, घरातला. मला वाकावं लागलं. "एवढ्या वर्षांत एक रेस अर्धी टाकली नाही मी. ताप असताना बोललोय. आई गेली त्या आठवड्यात बोललोय. पण ही शेवटची. अमुक घोडा जिंकला एवढं तोंडातून निघालं की आपण उठायचं आणि घरी जायचं. ते निघेना हो. मी काय करू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. इतक्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. आबासाहेब, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, मागे मेजर.

"काय झालं? का थांबलं?" आबासाहेबांनी दारातूनच विचारलं.

शामरावांनी तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, हे दिसतच होतं.

"लाइन गेली," मी म्हटलं. "माझ्या जोडणीत घोळ आहे."

माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मेजरांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे काठी उचलून भिंतीवरचं बटण दाबून तो बंद केला. आबासाहेबांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी मला फाडून खाल्लं. ह्यासाठी पुण्याहून माणूस मागवला काय, साधी वायर जोडता येत नाही, उद्याच्या उद्या तुमच्या साहेबांना फोन करतो. केलाही त्यांनी. पुढे पुष्कळ दिवस मला एकटीला कुठल्या कामावर पाठवलं नाही. पण त्या वेळी मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मला मजा वाटत होती हे मी आज सांगते.

रागावून झाल्यावर ते शामरावांकडे वळले. आवाज एकदम खाली आला.

"सर, कोण आलं?"

शामरावांनी माइकवरचा हात काढून घेतला.

"माझा फुडं व्हता न्हवं?"

"होता."

"मग आला की तोच."

"शंभर मीटर बाकी होते, आबासाहेब. एका मानेचं काय हो."

आबासाहेबांनी ओठ चावला. चार घोडे बाळगणाऱ्या माणसाला शेवटच्या शंभर मीटरमध्ये काय काय होतं ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. माइक आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, असं त्यांनी मला फर्मावलं. मी म्हटलं, जमायचं नाही. उद्घाटनाच्या दिवसापर्यंत वेळ लागेल.

"मग त्या दिवशी होऊ दे. मुंबईवाला येतोयच, पहिल्यांदा हेच सांगंल त्यो."

"तो काय सांगणार?" मेजर म्हणाले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "त्यानं ही रेस बघितलेली नाही, आबासाहेब."

मी आबासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते चिडतील, हसतील, मेजरांना वेड्यात काढतील असं मला वाटलं. पण ते मोठ्या गंभीरपणे खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. त्यांनी ती रेस बघितली होती. त्यांचा घोडा पुढे होता.

"खरं हाय," ते शेवटी म्हणाले. "सर, उद्घाटनाला तुम्हीच या. मुंबईला मी कळवतो." आणि लंगडत खाली गेले.

तालीम तशी फसलीच. रेसचा निकाल लागला नाही म्हणून एकही माणूस स्वच्छतागृहाकडे फिरकला नाही. सगळे स्टँडवर भांडत उभे. जिलेबी शेवटी सगळ्यांनी मिळून खाल्ली. खुर्च्या मात्र दुसऱ्याच दिवशी उखडल्या आणि बाक आबासाहेबांच्या थिएटरच्या मागून शोधून आणून, धुऊन, पुन्हा बसवले. माझ्या टाक्यांची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशीच झाली, आणि त्या पास झाल्या.

उद्घाटनाला शामराव बोलले. पहिल्या खऱ्या रेसआधी लोकांनी ओरडून ओरडून ती अर्धी रेस पूर्ण करायला सांगितली. ते माइकवरून म्हणाले, आज वेळ कमी आहे, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आबासाहेब दर मोसमात खोलीत जाऊन विचारायचे आणि दर मोसमात हात हलवत खाली यायचे, असं मेजर मला फोनवर सांगायचे. मुंबईच्या माणसाचं नावही पुन्हा कुणी काढलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले तेव्हा वाट वाकडी करून रेसकोर्सवर डोकावले. शामराव आता स्वतःच्या मर्जीनं थांबले होते. कॉमेंट्री त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती दिली होती. ते मधल्या बाकावर बसलेले सापडले. मी शेजारी बसले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि निघताना मी विचारलंच. आता तरी सांगा सर, मी कुणाला बोलणार नाही. त्या दिवशी कोण जिंकलं?

त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि पलीकडच्या कुंपणाशी बराच वेळ निरखून बघितलं. मी वाकले.

"पळतायत अजून, बाई," ते म्हणाले.